पावसाच्या आठवणी, उन्हाळ्याचे कपडे

चैत्र-वैशाखाच्या उन्हात लहान मुलाच्या अंगावर काय घालावे, हा प्रश्न घरोघरी पडतो. बाजारात गेले की परदेशी कार्टूनची चित्रे छापलेला, घाम न टिपणारा माल समोर येतो. आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांपुढे आम्ही एक वेगळा विचार ठेवू इच्छितो. उन्हाळ्याच्या कपड्यावर पाऊस छापावा.

आपल्यापैकी प्रत्येकाच्या बालपणात एक पावसाळा आहे. वहीचे पान फाडून केलेली होडी, पागोळ्यांखाली धरलेली ओंजळ, डबक्यातला बेडूक, मृगाचे लाल मखमली किडे. ज्या आईबापांनी हे पाहिले, तेच आज मुलांचे कपडे घेतात. मऊ पांढऱ्या मलमलवर लाल किड्याची बारीक बुटी असलेले झबले दिसले, तर त्यांचा हात तिकडे वळेलच, असे आम्हाला वाटते.

ही कल्पना अगदी नवी नाही. राजस्थानातला लहरिया श्रावणात हौसेने नेसला जातो. कापडाची तिरकी गुंडाळी करून, ती जागोजागी दोऱ्याने आवळून रंगात बुडवली की लाटांसारखे पट्टे उमटतात. हे काम पिढ्यान् पिढ्या करणाऱ्यांत रंगरेज आणि नीलगर घराणी आहेत व त्यांत मुस्लिम कारागीर मोठ्या संख्येने आहेत. पावसाची आठवण कापडावर आणण्याची विद्या आपल्या हातात आधीपासून आहे. ती मुलांच्या फ्रॉक-सदऱ्यापर्यंत न्यायची, एवढेच काम उरले आहे.

मात्र यात एक अडचण आहे. ज्या पावसाची बुटी छापायची, त्याच पावसात ठशांची छपाई मंदावते. बगरूची दाबू छपाई पाहा. चिखल, चुना व डिंक यांचा लेप ठशाने कापडावर द्यायचा, तो उन्हात वाळवायचा आणि मग कापड रंगवायचे. ऊन नसेल तर लेप वाळत नाही, दमट हवेत रंग पसरतो. म्हणून पावसाळ्यात अनेक घरांत हाताला काम नसते. मग कारागीर व्यापाऱ्याकडून उचल घेतो आणि ती फेडण्यासाठी हंगामात पडेल त्या मजुरीवर छापतो. पाऊस मुलाला होडी देतो आणि बापाला कर्ज, असा हा हिशेब आहे.

हा हिशेब बदलता येईल, असे आमचे मत आहे. छपाई थांबली तरी छपाईची तयारी थांबत नाही. नक्षी काढणे, ठसे कोरणे, नमुने बेतणे ही सारी कामे छपराखाली होतात. नवा लाकडी ठसा तेलात मुरवावा लागतो, त्यालाही दिवस जातात. एका नक्षीला रेघेचा, जमिनीचा आणि भरणीचा असे वेगवेगळे ठसे लागतात. एकरंगी बारीक बुटीला मात्र एक ठसा पुरतो, तेव्हा सुरुवात तिथून करावी. व्यापाऱ्याने जून ते सप्टेंबर या काळात नमुन्यांची मजुरी रोख द्यावी. ती उचल म्हणून देऊ नये. ऑक्टोबरपासून छपाई व त्यामागोमाग शिलाई केली, तर माल वेळेवर उभा राहतो.

वेळेचे महत्त्व यापुढे आणखी वाढणार आहे. रमजान ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. २०२५ मध्ये ती ३१ मार्चला होती. २०२८ मध्ये ती फेब्रुवारीच्या अखेरीस येईल. म्हणजे ईदचा सुती माल जानेवारीतच दुकानात हवा. जो डिसेंबरात जागा होईल, त्याच्या हाती उरलेसुरले गिऱ्हाईक लागेल.

मुलांचा कपडा करताना काही पथ्ये पाळलीच पाहिजेत. कापड बेतण्याआधी धुऊन आटवून घ्यावे. ओले पांढरे फडके छपाईवर घासून रंग उतरतो का ते पाहावे. निळीचा रंग घासला की थोडा सुटतो आणि तान्हे मूल कपडा तोंडात घालते. तेव्हा गडद निळा कपडा मोठ्या मुलांसाठी ठेवावा. कर्करोगाचा धोका असलेल्या काही अॅझो रंगांवर भारत सरकारने १९९७ मध्ये बंदी घातली आहे. रंग घेताना पक्की पावती व कंपनीचे नाव मागावे. आतली शिलाई टोचू नये, बटण ओढून पाहावे. लहान मुलाच्या गळ्याशी नाडी ठेवू नये. ती अडकून फास बसू शकतो आणि युरोपच्या बाजारात असा माल चालतही नाही.

शेवटचा मुद्दा हक्काचा. चांगली बुटी बाजारात आली की लगेच तिची नक्कल होते. २००० च्या डिझाइन कायद्याखाली नव्या नक्षीची नोंदणी करता येते. तिला १० वर्षे व पुढे आणखी ५ वर्षे संरक्षण मिळते. मात्र अर्ज माल बाजारात आणण्यापूर्वी करावा लागतो. अर्ज कोणाच्या नावाने करायचा, हे व्यापारी आणि नक्षी काढणारा यांनी आधीच कागदावर ठरवावे. तोंडी बोलणे पुढे भांडणाचे मूळ होते.

धारावी-मदनपुऱ्याच्या शिलाई कारखान्यांत हात आहेत, जयपूरकडे ठसे आहेत आणि आठवणी तर आपल्या सर्वांकडे आहेत. येत्या मृगात पहिली सर आली की मुलांना होड्या करून द्या आणि त्यातली एक होडी ठसे कोरणाऱ्याकडेही पाठवा.