फोन हॅक झालाय? आधी हे करा
लग्नपत्रिका किंवा वाहतूक चलान म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली ‘एपीके’ फाइल उघडलीत आणि फोन उगाच तापायला लागला?

■ लगेच ‘एरोप्लेन मोड’ लावा, वाय-फायही बंद करा. म्हणजे ओटीपी बाहेर जाणार नाहीत.

■ सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ उघडा. तिथे अनोळखी अ‍ॅपला परवानगी असेल तर ती काढा, मग अ‍ॅप उडवा. निघत नसेल तर फोन ‘सेफ मोड’मध्ये सुरू करून पाहा.

■ ईमेल आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.

■ पैसे गेले असतील तर बँकेला कळवा आणि १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार करा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम गोठवण्याची शक्यता जास्त.

■ त्यासाठी बँकेच्या मेसेजचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. ‘फॅक्टरी रीसेट’ त्यानंतरच.