आकडा दोघांनी बघायचा

उसाची गाडी घेऊन तुम्ही कारखान्याच्या काट्यावर कितीदा तरी उभे राहिला असाल. गाडी काट्यावर चढते, आकडा पडतो, पावती हातात येते आणि मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवायला लागतो. त्या घाईत आकडा कोण वाचतो? आमच्या कोरेगाव भागात मात्र काट्यावर एक माणूस असा होता की, गाडीवानाने आकडा स्वतःच्या तोंडाने वाचल्याशिवाय ते पावती देत नसत. सगळा भाग त्यांना मिलिटरी तात्या म्हणायचा. गेल्या पावसाळ्यात तात्या गेले.

तात्या बेळगावच्या मराठा सेंटरमध्ये भरती झाले आणि पुढे जंगी पलटणीत, म्हणजे पहिल्या मराठा बटालियनमध्ये गेले. 1971 च्या युद्धात ही पलटण पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरला होती. तिथे पाकिस्तानची 31 बलुच पलटण वेढ्यात सापडली होती. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण येण्याची चिठ्ठी पाठवली, तर उत्तराच्या कागदात गुंडाळलेली बंदुकीची गोळी परत आली. 10 डिसेंबरच्या रात्री बलुच पलटण वेढा फोडायला निघाली, ती नेमकी मराठ्यांच्या मोर्च्यांवर आली. दुसऱ्या दिवशी जमालपूर पडले आणि 16 डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली.

ही गोष्ट आम्ही पोरं तात्यांकडून पुनःपुन्हा ऐकायचो. गोळीपर्यंत ते रंगवून सांगत. शेवटी मात्र एवढंच म्हणत, "सकाळी गिनती झाली. गिनती कमी भरली." आणि उठून जात.

पेन्शनवर आल्यावर ते साखर कारखान्यात लागले आणि निवृत्तीपर्यंत काट्यावरच राहिले. हंगामात तीन पाळ्या, कारखान्याचा भोंगा हेच घड्याळ. आजोबांबरोबर मी टायरगाडीतून जायचो तेव्हा तात्या मला काट्याजवळ उभा करून विचारत, "वाच रं बाळा, किती?" भरल्या गाडीचं वजन वाचायचं, गव्हाणीत ऊस उतरल्यावर रिकाम्या गाडीचं वाचायचं, वजाबाकी तोंडी करायची आणि मग पावती. आजच्या दराने एका खेपेत क्विंटलचा फरक म्हणजे 300 रुपयांच्या वर पाणी. पण तात्या पैशाचं बोलत नसत. म्हणत, "आकडा दोघांनी बघायचा. मग संशय राहत न्हाई."

हाच नियम त्यांनी घरातही चालवला. काकूंना लिहिता-वाचता येत नव्हतं. रद्द पावत्यांच्या कोऱ्या पाठीवर तात्यांनी त्यांना अंक शिकवले. दीड एकर रान काकूच बघायच्या. पगार झाला की पाकीट काकूंच्या हातात, मोजणी त्यांनी करायची. रात्रपाळी करून आलेला हा गडी न झोपता पोरांना सायकलवरून शाळेत सोडायचा. दोन मुली, एक मुलगा, तिघंही शिकली.

शासनाने 1992 मध्ये लक्ष्मीमुक्तीचा निर्णय काढला. नवऱ्याने अर्ज केला की सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहधारक म्हणून लागतं. पारावर लोक हसले, पण तात्यांनी अर्ज दिला. "रानात ती राबती आणि कागदावर मी एकटा? हे वजन बरोबर न्हाई," असं ते म्हणाले.

बंधूंनो, खरी किंमत आत्ता कळली. तात्यांच्या मागे मी काकूंबरोबर कागद बघायला बसलो. लोखंडी पेटीत डिस्चार्ज बुक, पेन्शनचा पीपीओ, दोघांचा एकत्र फोटो, बँकेचं संयुक्त खातं, सगळं एका पिशवीत. काकूंचं नाव आणि जन्मतारीख सगळीकडे एकच. कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या मदतीने सरळ गेला. कोणता कागद कशाचा, हे काकूच मला सांगत होत्या. त्याच आळीतली दुसरी एक माउली मात्र नवऱ्याच्या मागे दोन वर्षं हेलपाटे घालते आहे. आधारवर एक नाव, पासबुकावर दुसरं आणि सातबाऱ्यावर तिचं नावच नाही.

म्हणून विनंती आहे. या आठवड्यात एका संध्याकाळी नवरा-बायकोने मिळून पेटी उघडा. नावं ताडून बघा, खात्याला वारसदार लावा. घरात कोणी गेलं असेल, तर तीन महिन्यांच्या आत वारस नोंदीसाठी कळवा. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, आणि ग्रामसेवक बंधूंनाही सांगणं आहे: अशी विधवा दारात आली तर तिला पुढची तारीख देण्याआधी खुर्ची द्या आणि सहा-क ची नोंदवही उघडा.

तेराव्याला काकूंनी खर्चाची वही माझ्यापुढे सरकवली. मी म्हटलं, "काकू, तुम्ही लिहिलंय ना, मग बरोबरच असणार."

त्या म्हणाल्या, "तसं न्हाई. तू पण बघ. दुसरं बघायला आता कोण हाय?"