वृद्धाश्रम निवडताना

यवतमाळ जिल्ह्यात वृद्धाश्रम म्हटला की आर्णी तालुक्यातलं उमरी पठार अनेकांना आठवतं. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात (कलम १९) दर जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल अशा निवासाची तरतूद आहे. पण जागा मिळाली म्हणजे काळजी घेतली जाईलच, असं नाही.

आधी अंथरुणाला खिळलेल्यांच्या खोलीत जा. माकडहाड आणि टाचा पाहू द्या म्हणावं. तिथली कातडी लाल पडली असेल, तर कूस वेळेवर बदलली जात नाही हे समजावं. साधारण दर दोन तासांनी ती बदलायला हवी. खरी परीक्षा हीच. रात्रपाळीला किती माणसं असतात, गोळ्यांची नोंद कोण ठेवतं, डॉक्टर शेवटचे कधी आले, हे वहीत पाहा, तोंडी उत्तरावर थांबू नका. विदर्भातल्या मे महिन्यात म्हाताऱ्या माणसाला तहान कळत नाही. पाण्याचा पेला हाताशी आहे का, कूलर चालतो का, तेही पाहा. भेट न कळवता, जेवणाच्या वेळी द्या.

हेळसांड दिसली तर ज्येष्ठांच्या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन करा: १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८, मोफत.