ढाल आणि पहिला वार

क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा ही ढाल आहे. ढालीने कोणी मरत नाही. मग तिच्या चाचण्यांनी इतर राष्ट्रे का धास्तावतात? चौकस विद्यार्थी हे विचारणारच.

आधी चाचण्या पाहू. आंतरखंडीय क्षेपणास्त्राचा प्रवास सुमारे अर्ध्या तासाचा. त्यातला बहुतेक काळ ते वातावरणाबाहेर, सेकंदाला 7 किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते. तेथेच त्याला धडक देऊन फोडायचे, ही अमेरिकेच्या यंत्रणेची कल्पना. स्फोटके नाहीत, नुसती टक्कर! ऑक्टोबर 1999 मध्ये पॅसिफिकवर ती साधली. जुलै 2000 मध्ये धडक देणारा भाग रॉकेटपासून सुटलाच नाही. पुढील वीस वर्षांतही यश निम्म्याहून थोडेच अधिक राहिले, तेही चाचणी आधी ठरलेली असताना.

खरी अडचण आपल्या पाठ्यपुस्तकातलीच आहे. निर्वात नळीत पीस आणि नाणे बरोबर पडतात. त्याच कारणाने अवकाशात जड अण्वस्त्र आणि हलका फुगा एकाच मार्गाने जातात. सोबत दहा फुगे सोडले, तर खरे कोणते हे ओळखणे फार कठीण.

अशी गळकी ढाल कोणाच्या कामाची? येथे फळ्यावर साधी वजाबाकी करावी. समजा, ‘ब’ देशाकडे 20 क्षेपणास्त्रे आहेत आणि ‘अ’ची ढाल फक्त 4 अडवू शकते. ‘ब’ने सगळी डागली तर 16 पोचतील, ढाल निरुपयोगी. पण ‘अ’ने आधीच हल्ला करून 16 जमिनीवरच नष्ट केली तर? उरलेली 4 तीच ढाल अडवील. म्हणजे पहिला वार करणाऱ्यालाच ती उपयोगी. हा हिशेब ‘बी’लाही येतो. मग तो शस्त्रे वाढवतो, किंवा इशारा मिळताच डागण्याच्या तयारीत बसतो. दुसरे आम्हाला अधिक भयंकर वाटते. म्हणूनच 1972 च्या करारात अमेरिका व सोव्हिएत संघाने आपल्याच ढालींवर मर्यादा घातली होती. 2002 मध्ये अमेरिका त्यातून बाहेर पडली.

आणि इशारे चुकतात. 25 जानेवारी 1995 रोजी ध्रुवीय प्रकाशाच्या अभ्यासासाठी नॉर्वेहून एक रॉकेट उडाले. रशियन रडारला ते पाणबुडीतून सुटलेल्या क्षेपणास्त्रासारखे दिसले. अध्यक्ष येल्त्सिन यांच्यासमोर अण्वस्त्रांच्या आदेशाची पेटी उघडली गेली. काही मिनिटांनी रॉकेट रशियाकडे येत नसल्याचे कळले. उड्डाणाची सूचना नॉर्वेने कितीतरी दिवस आधी दिली होती. ती रडारवरील माणसांपर्यंत पोचलीच नव्हती.