मालिश कधी करावी आणि कधी दुखऱ्या जागेला हातही लावू नये

नांदेड असो की लातूर, फजरच्या नमाजनंतर मैदानाकडे चक्कर मारली की पोरंपोरी पळताना दिसतातच. बरीचशी पोलीस भरतीची तयारी करणारी असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचं, वर गोळाफेक. कुणी क्रिकेट खेळतं, कुणी कबड्डी, कुणी तालमीत जातं. संध्याकाळी हीच लेकरं घरी येऊन म्हणतात, "अम्मी, पाय लई दुखायलेत." मग नानी उठते, वाटीत तेल कोमट करते आणि पाय चोळायला बसते.

ही सवय चांगलीच आहे. अडचण एवढीच, की थकलेला पाय आणि दुखावलेला पाय यांत आपण फरक करत नाही. दोन्हीला एकच तेल आणि एकच जोर लावतो. थकलेल्या पायाला त्याने आराम मिळतो, पण दुखावलेल्या पायाचं कधी कधी जन्माचं नुकसान होतं. पालकांनी हा फरक समजून घेतलाच पाहिजे.

तालमीची देणगी

आज शहरात 'स्पोर्ट्स मसाज' म्हणून जे पैसे देऊन करून घेतात, ते आपल्या तालमींत पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे. शब्दच बघा. 'तालीम' अरबी, 'पहलवान' आणि 'मालिश' फारसी, आणि मराठीतला 'वस्ताद' म्हणजे आपला उस्तादच. फारसीत 'मालीदन' म्हणजे चोळणं, त्यावरून मालिश. कुस्तीच्या हौद्यात हिंदू-मुसलमान पोरांनी एकाच मातीत अंग घासलं, तसे हे शब्दही मराठीत मुरले.

आपल्या भागाला कुस्तीचं मोठं वैभव आहे. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार यांनी १९७० साली एडिंबरा इथल्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं. लातूरचा शैलेश शेळके जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीपर्यंत पोहोचला. डिसेंबर २०१८ मध्ये जालन्याच्या मैदानात बाला रफिक शेख महाराष्ट्र केसरी झाला, तेव्हा कितीतरी घरांत आनंद झाला होता.

तालमीत मालिश कधी होते, याकडे जरा लक्ष द्या. जोर-बैठका झाल्या, लढती झाल्या, अंग थकलं की पहलवान एकमेकांचं अंग रगडतात. म्हणजे ती मेहनतीनंतरची, थकलेल्या अंगाची मालिश असते. आपण घरी नेमकी हीच गोष्ट विसरतो.

मालिशने काय होतं, काय होत नाही

जास्त पळाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या-पोटऱ्या भरून येतात. नव्याने व्यायाम सुरू करणाऱ्याला तर जिना उतरणंही जड जातं. सवय नसलेल्या मेहनतीने स्नायूंच्या धाग्यांना बारीक बारीक इजा होते, त्याचं हे दुखणं. साधारण २४ ते ७२ तासांत ते जास्तीत जास्त जाणवतं आणि मग आपोआप ओसरतं. अशा दुखण्याला मालिशने थोडा आराम पडतो, अंग मोकळं होतं, झोपही चांगली लागते.

'मालिशने लॅक्टिक ॲसिड निघून जातं' असं जिममध्ये हमखास सांगतात. ते खरं नाही. व्यायामानंतर तासाभरात शरीर ते स्वतःच साफ करतं. दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याशी त्याचा संबंध नसतो.

मालिशने धाव वाढते का? २०२० मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डच्या संशोधकांनी २९ अभ्यास एकत्र करून तपासले. त्यांत हजारावर लोक होते. ताकद, वेग, उडी, दमसास यांत मालिशमुळे वाढ दिसली नाही. स्नायूंचं दुखणं आणि आखडलेपण मात्र थोडं कमी झालं. म्हणजे भरतीच्या आदल्या रात्री तासभर पाय रगडून सेकंद कमी होणार नाहीत. त्यासाठी सराव, झोप आणि पोटभर साधं जेवणच लागतं.

इथे तेलाची वाटी बाजूला ठेवा

पाय मुरगळला, गुडघ्यात लचक भरली, स्नायूत 'कट्' झालं, खेळताना जोराचा मार बसला, तर पहिले दोन-तीन दिवस मालिश अजिबात नको. आत बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात. चोळलं की रक्तस्राव वाढतो, सूज वाढते. गरम शेक आणि झणझणीत मलमही तेव्हा नको. आराम द्या, कपड्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं लावा, क्रेप बँडेज बेताने बांधा, पाय उशीवर उंच ठेवा.

मुरगळल्यानंतर मुलाला त्या पायावर चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर बोट दाबलं तर तो ओरडत असेल, तर एक्स-रे काढाच. "चालतोय ना थोडा, मग मोडलं नसेल" हा हिशेब चुकीचा आहे. बारीक फ्रॅक्चर असूनही माणूस चालू शकतो.

भरतीच्या पोरांनी आणखी एक लक्षात ठेवावं. डांबरी रस्त्यावर रोज पळून नडगीच्या हाडावर एकाच जागी दुखत असेल, ती जागा बोटाने दाखवता येत असेल, तर ते हाडाला तडा जाण्याचं लक्षण असू शकतं. वरून कितीही तेल चोळलं तरी तडा भरत नाही. पळणं थांबवून डॉक्टरांना दाखवावं लागतं. दोन महिने विश्रांती घेतली तर पुढची भरती हातात राहते. तसंच रेटलं तर तीही जाते.

लेकराचं कोपर

माझं सगळ्यांत कळकळीचं सांगणं इथे आहे. मूल हातावर पडलं, कोपर सुजलं, की आपण हाड बसवणाऱ्याकडे धावतो. तो ओढतो, चोळतो, बांबूच्या कामट्या लावून आवळून बांधतो. कोपर हा फार नाजूक सांधा आहे. मार लागल्यावर त्याला जोराने चोळलं तर आजूबाजूच्या स्नायूत चक्क हाड तयार होऊ शकतं आणि कोपर आखडून बसतं. मग लेकराचा हात तोंडापर्यंत जात नाही. मांडीला बसलेल्या जोराच्या माराचंही असंच होऊ शकतं.

आवळून बांधल्याचा धोका वेगळा. रक्तपुरवठा थांबला तर काही तासांत स्नायू मरायला लागतात. बोटं थंड पडली, निळसर झाली, मुंग्या आल्या, बोटं सरळ करताना मूल किंचाळायला लागलं, तर पट्टी लगेच सोडा आणि दवाखाना गाठा. सकाळची वाट बघू नका.

बुजुर्गांच्या हाताला शिफा असते, हा आपला विश्वास आहे आणि मी त्याचा अनादर करत नाही. पण हाताला आतलं हाड दिसत नाही. ते एक्स-रेत दिसतं. आधी फोटो काढा, मग काय ते ठरवा.

घरी मालिश करायची तर

व्यायाम झाल्यावर, अंग निवल्यावर करावी. तेल कोमट असावं. करडीचं, तिळाचं किंवा खोबरेल, घरात असेल ते चालतं. सुरुवातीला हलक्या हाताने, मग तळहाताने खालून वर म्हणजे हृदयाच्या दिशेने, मग स्नायू मळल्यासारखा. दहा-पंधरा मिनिटं पुरे. गोड दुखलं पाहिजे, दात-ओठ खायची वेळ येऊ नये. हाडावर, सांध्यावर आणि गुडघ्यामागच्या खोलगट जागी जोर देऊ नका. जखम, पुरळ किंवा ताप असेल तर मालिश नको.

मुलींच्या बाबतीत आपण "दुखतंय तर खेळू नको" म्हणून विषय संपवतो. हा उपाय नाही. आई किंवा बहीण मालिश करू शकते, आणि लेडी फिजिओथेरपिस्टही आता भेटतात. पडद्याची अडचण असेल तर आधी विचारून घ्यावं, त्यात लाज कसली.

रमजानमध्ये सराव करणाऱ्यांच्या पोटरीत गोळे येतात. तिथे स्नायू ताणणं आणि हलकं चोळणं कामाला येतं, पण अंगातलं पाणी मालिशने भरून निघत नाही. जड सराव इफ्तारनंतर ठेवा आणि सहरीपर्यंत थोडं थोडं पाणी पीत राहा. घरातल्या मोठ्यांपैकी कुणाची एकच पोटरी अचानक सुजली, गरम लागली, दुखायला लागली, तर ती दाबू नका. आत रक्ताची गाठ असू शकते. चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

कुठे जायचं

नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. दोन्हीकडे हाडांचा विभाग आहे आणि खाजगी दवाखान्यापेक्षा खर्च फार कमी येतो. डॉक्टरांनी हाड ठीक आहे असं सांगितलं, की पुढचा व्यायाम आणि मालिश फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.

घरातल्या प्रत्येकाला, नानीलाही, एवढं एक वाक्य पाठ करून द्या: थकलं तर मालिश, सुजलं तर दवाखाना. लेकरू रडत घरी आलं की आधी दिव्याच्या उजेडात त्याचा पाय नीट बघा. तेलाची वाटी त्यानंतर.