चाकांवरचे वानप्रस्थ

कुकटपल्लीतील आमच्या हाउसिंग बोर्ड वसाहतीजवळून जाणारा हमरस्ता पश्चिमेस सोलापूरवरून पुण्याला पोहोचतो आणि पूर्वेस मछलीपट्टणला समुद्राकाठी संपतो. सारी लांबी सुमारे ८४० किलोमीटर. लग्नकार्ये, माहेरपणे, पंढरपूर, अक्कलकोट हे आमच्या कुटुंबाचे सगळे प्रवास याच रस्त्याने झाले. त्यामुळे मुलाने ॲडलेडहून ‘यंदा सहा महिने येऊन राहा’ असे कळविल्यावर मी जेव्हा कॅरॅव्हॅनचा विषय काढला, तेव्हा घरात क्षणभर शांतता पसरली.

कॅरॅव्हॅन म्हणजे मोटारीच्या मागे जोडलेले चाकांवरचे घर. निजण्याची सोय, गॅसची शेगडी, लहानसा फ्रिज, पाण्याची टाकी; संसार एवढाच. ऑस्ट्रेलियात कितीतरी निवृत्त दांपत्ये राहते घर बंद करून, क्वचित विकूनही, असा संसार मागे ओढीत महिनोन्महिने देशाची प्रदक्षिणा करीत असतात. ‘ग्रे नोमॅड’, म्हणजे पिकल्या केसांचे भटके, असे त्यांना तेथे म्हणतात. देशाला वळसा घालणारा एक नंबरचा राजमार्ग सुमारे साडेचौदा हजार किलोमीटरचा आहे. पाखरांप्रमाणे यांचेही ऋतू ठरलेले असतात. मे ते सप्टेंबर उत्तरेस हवा कोरडी असते, म्हणून तिकडे जावयाचे. नोव्हेंबरात चक्रीवादळांचा मोसम सुरू होण्यापूर्वी दक्षिणेस परतावयाचे. आपल्या शास्त्रकारांनी नातवाचे मुख पाहिल्यावर अरण्याची वाट धरावयास सांगितले. आपण मात्र नातवंडे सांभाळण्यासाठी विमानात बसतो. हे माझे मत. आमच्या सौभाग्यवतींना ते मान्य नाही.

त्यांची शंका वेगळीच होती. “अहो, वाटेत पुन्हा छातीत कळ आली तर?”

दोन वर्षांपूर्वी माझ्या हृदयावर उपचार झालेले. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

मी नकाशा काढला. ॲडलेडच्या पश्चिमेस नलारबॉरचे पठार लागते. ‘झाड नसलेले’ असा त्या लॅटिन नावाचा अर्थ. एडवर्ड जॉन आयर याने १८४०–४१ साली हा मुलूख पायी व घोड्यांच्या साहाय्याने मोठ्या हालअपेष्टांत ओलांडला. त्याच्या नावाचा सुमारे साडेसोळाशे किलोमीटरचा रस्ता तेथून जातो, आणि तो पूर्णपणे डांबरी व्हावयास १९७६ साल उजाडले. त्यात १४६.६ किलोमीटरचा एक तुकडा असा की एकही वळण नाही! सायंकाळनंतर कांगारू आडवे येतात, म्हणून जाणते लोक दिवस मावळण्यापूर्वी मुक्काम गाठतात. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सीमेवर फळे, भाज्या, मधसुद्धा काढून घेतात. तेव्हा शिल्लक मेथीची भाजी आदल्या मुक्कामीच करून संपवावी हे बरे.

याच रस्त्यावर काही ठिकाणी डांबरावर पांढरे पट्टे आखलेले आहेत. तेथे वाहने थांबवून फ्लाइंग डॉक्टरांचे विमान उतरविता येते. जॉन फ्लिन या धर्मोपदेशकाच्या खटपटीने ही सेवा १९२८ साली क्वीन्सलंडमधील क्लॉनकरी गावातून सुरू झाली. डॉक्टरच्या अभावी दूरच्या वस्त्यांतील माणसे दगावतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. पुढच्याच वर्षी आल्फ्रेड ट्रेगरने पायाने पायटे मारून चालणारा रेडिओ तयार केला. वीज नसलेल्या वस्तीवरूनही डॉक्टरला हाक मारता येऊ लागली. आज फ्लिनचे चित्र तेथील वीस डॉलरच्या नोटेवर आहे.

हे सर्व मी उत्साहाने वाचून दाखविले. सौभाग्यवतींनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “विमान उतरेल हो. पण त्या पट्ट्यापर्यंत गाडी कोण नेणार?”

याला उत्तर नव्हते. चाळीस वर्षांत स्टिअरिंगला हात लावण्याची पाळी मी तिच्यावर येऊच दिली नव्हती.

भारतीय परवान्यावर पर्यटकास तेथे मोटार चालविता येते, वाहतूकही आपल्यासारखीच डावीकडून. फक्त परवाना हवा. गेल्या महिन्यापासून त्रेसष्टाव्या वर्षी ती पहाटे सहाला शिकवणीच्या गाडीत बसते. मी गॅलरीतून पाहत असतो. परवा वसाहतीच्या कोपऱ्यावर गाडी तीनदा बंद पडली. चौथ्यांदा सुरू झाली आणि हमरस्त्याच्या दिशेने वळली.