पिंगुळीची सूत्रे आणि आकाशातली तलवार

हालचालीवर चालणाऱ्या व्हिडिओ गेममध्ये खेळणाऱ्याचा हात हाच पडद्यावरच्या वीराचा हात असतो. बटण दाबण्याऐवजी मनगट फिरवायचे आणि तलवार त्याच दिशेने चालायची. २००६ साली निन्टेन्डो कंपनीच्या ‘वी’ या यंत्राने हा प्रकार घरोघरी नेला. एका माणसाच्या हाताची हालचाल राक्षसाच्या, वानराच्या, राजाच्या अंगात कशी उतरवायची, हा मूळ प्रश्न मात्र जुना आहे. सिंधुदुर्गात कुडाळ तालुक्यातील पिंगुळी गावच्या ठाकर आदिवासी कलावंतांनी तो यंत्राविना सोडवला आहे.

पिंगुळीत कथा सांगण्याच्या तीन कला शेजारीशेजारी वाढल्या: चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या. चित्रकथीत एका आख्यानाच्या चित्रांची चळत असते, तिला पोथी म्हणतात. वीणा, टाळ आणि हुडूक हे तालवाद्य यांच्या साथीवर कथेकरी एकेक चित्र पुढे करतो. ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथातही चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख आहे. चित्रकथीत चित्र स्थिर आणि आवाज हलता. युद्धाचा वेग, मायावी राक्षसाचे रूपांतर, बाणांचा वर्षाव हे सारे कथेकऱ्याच्या गळ्यातून आणि हुडुकाच्या ठेक्यातून यावे लागते.

कळसूत्री बाहुलीत ही विभागणी बदलते. बाहुली लाकडाची, कपडे घातलेली. डोके व हात यांना दोरे बांधलेले. दोऱ्याला केवळ ओढता येते, ढकलता येत नाही. बाहुलीचा हात वर नेणे कलावंताच्या ताब्यात असते, खाली आणण्याचे काम बाहुलीचे वजन करते. त्यामुळे दोरा कधी सोडायचा, याला तो कधी ओढायचा याइतकेच महत्त्व असते. दोरा एकदम सैल सोडला तर बाहुली कोसळल्यासारखी दिसते, सावकाश सोडला तर तीच नमस्कार करते. शिवाय दोऱ्यातून बाहुलीचे ओझे बोटांना सतत जाणवत असते. म्हणून तिच्याकडे न पाहताही ती कुठे आहे हे कलावंताला कळते.

छायाबाहुल्यांमध्ये कमावलेल्या कातड्यातून आकृती कापून ती रंगवतात आणि काठीच्या आधाराने पांढऱ्या पडद्यामागे धरतात. त्यामागे दिवा असतो. बाहुली पडद्याला टेकवली की सावली रेखीव पडते. दिव्याकडे नेली की ती मोठी आणि धूसर होते. रामायणातला राक्षस पडद्यावर वाढत जातो तो या साध्या नियमामुळे. खोलीचा आभास देणारी ही तिसरी दिशा हाताच्या पुढेमागे होण्यातून मिळते.

या कलांना सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता आणि देवळांतील उत्सव हे त्यांचे ठिकाण होते. राजाश्रय गेला, करमणुकीची साधने बदलली आणि प्रयोग कमी झाले. कलावंत परशुराम गंगावणे यांनी पिंगुळीतच, गोठ्याच्या जागेत, २००६ साली ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय उभे केले. २०२१ च्या पद्मश्री सन्मानाच्या यादीत त्यांचे नाव होते. योगायोग असा, की हे संग्रहालय आणि वी एकाच वर्षीचे.

वीच्या रिमोटमध्ये त्वरणमापक होता. हात किती झटक्याने हलला, कुठल्या बाजूला कलला, एवढे तो सांगे. रिमोटच्या टोकाला अवरक्त प्रकाश टिपणारा कॅमेरा होता. टीव्हीजवळ ठेवायच्या पट्टीला सेन्सर बार म्हणत असले, तरी ती काहीच मोजत नसे. तिच्यातले दिवे फक्त खूण म्हणून होते. रिमोट नेमका किती अंशांनी वळला हे मात्र यातून नीट कळत नसे. २००९ साली आलेल्या ‘मोशनप्लस’ या जोडउपकरणात जायरोस्कोप होता आणि त्याने ही उणीव बरीचशी भरून काढली.

त्यावर आधारलेला, बराच काळ वाट पाहायला लावणारा खेळ म्हणजे ‘द लेजंड ऑफ झेल्डा: स्काय्‌वर्ड सोर्ड’. या मालिकेतला घरच्या यंत्रावरचा आधीचा मोठा खेळ २००६ चा. नव्याची घोषणा २००९ साली झाली. २०१० साली लॉस एंजेलिसमधील प्रदर्शनात निन्टेन्डोचे शिगेरू मियामोतो मंचावर तो खेळून दाखवत असताना बिनतारी लहरींच्या अडथळ्यामुळे तलवार हाताचे ऐकेना. अखेर नोव्हेंबर २०११ मध्ये, मालिकेच्या पंचविसाव्या वर्षी, खेळ बाजारात आला.

यात ढगांवरच्या गावात राहणारा नायक लिंक महाकाय पक्ष्यावर बसून आकाशात फिरतो, खाली जमिनीवर उतरतो आणि हरवलेल्या मैत्रिणीचा, झेल्डाचा शोध घेतो. रिमोट कलवला की पक्षी वळतो, रिमोट उंच धरला की तलवारीत तेज भरते. नरभक्षक वनस्पतीचा जबडा आडवा उघडला तर वार आडवा हवा, उभा उघडला तर उभा. गिराहिम हा खलनायक तलवार कुठे आहे हे पाहून तिकडे हात धरतो आणि सरळ वार पकडतो. त्याला हुलकावणी द्यावी लागते. अंदाधुंद हात हलवणाऱ्याचा येथे निभाव लागत नाही. खेळताना जायरोस्कोपची दिशा हळूहळू सरकते, म्हणून रिमोट मध्यावर धरून ती पुन्हा जुळवावी लागते. हे सर्वांनाच रुचले नाही. २०२१ साली निन्टेन्डोच्याच स्विच यंत्रासाठी आलेल्या सुधारित आवृत्तीत हालचालीबरोबर बटणांचाही पर्याय दिला गेला.

पिंगुळीच्या बाहुलीशी तुलना केली की यंत्राची मर्यादा स्पष्ट होते. रिमोट हात मोजतो, पण तलवारीचे वजन हाताला परत देत नाही. राक्षसाच्या ढालीवर वार अडला तरी खेळणाऱ्याचा हात हवेत पुढे जातच राहतो. त्याला मिळते ती केवळ कंपनाची सूचना. दोरा मात्र दोन्हीकडे निरोप नेतो.

महाराष्ट्रात या दोन जगांमधले अंतर पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या कंपनीने काहीसे कमी केले. तिच्या ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ या खेळासाठी २०१७ मधील लोकवर्गणीची मोहीम अपुरी पडली, तरी काम चालू राहिले आणि ऑगस्ट २०२० मध्ये तो स्विचवर आला. असुरांनी पळवलेल्या भावाला शोधणारी राजी त्रिशूळ घेऊन लढते. खेळ बटणांवर चालतो, पण मधले कथाप्रसंग छायाबाहुल्यांच्या रूपात सांगितले आहेत. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या स्वतंत्र खेळांच्या गटात त्याला नामांकन मिळाले.

छायाबाहुलीचे रूप पडद्यावर पोहोचले. तिला हलवणाऱ्या हातांचे ज्ञान अजून पोहोचलेले नाही. चित्रांचे आणि बाहुल्यांचे छायाचित्रण करून भागणार नाही. कोणत्या प्रसंगाला दोरा कसा सुटतो, बाहुली दिव्याकडे किती नेली जाते, याचीही नोंद जाणत्या कलावंतांकडून, त्यांना मोबदला आणि श्रेय देऊन, करून घ्यायला हवी. मराठी गेमकर्त्यांनी हालचालीवरचा खेळ करायचा ठरवला, तर पहिला अभ्यासदौरा पिंगुळीचा असावा.